ऊन पाणी, हायड्रोजन आणि मुळशी : ऊर्जा कुठून येते, याचा महाराष्ट्रातील इतिहास

१/
२१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांच्या हस्ते एका बसचे अनावरण झाले. केपीआयटी ही पुण्याची कंपनी आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद यांनी मिळून ती विकसित केली होती. बसमध्ये हायड्रोजन भरायचा, हवेतल्या प्राणवायूशी त्याचा संयोग घडवून वीज मिळवायची, आणि मागे उरते ते पाणी. तिच्या आधी, ऑक्टोबर २०२० मध्ये, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशाच तंत्राच्या मोटारीची चाचणी झाली होती. हे सारे वाचल्यावर मनात येणारा पहिला प्रश्न साधा आहे : हा हायड्रोजन आणतात कुठून?

२/
दुसरा प्रश्न घाटाखालून येतो. कोकणात इतके गरम पाण्याचे झरे आहेत, तर त्यांच्यावर वीज का होत नाही? सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केल्यापासून हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला आहे. दोन्ही प्रश्न विज्ञानाचे वाटतात, पण त्यांची निम्मी उत्तरे इतिहासात आहेत. हा धागा त्या उत्तरांचा आहे. थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

३/
प्रारंभ गावांच्या नावांपासून करू. आपण 'ऊन ऊन भात' म्हणतो तेव्हा ऊन म्हणजे गरम. आता नकाशा पाहा. दापोली–खेड परिसरातील उन्हवरे, रायगडमध्ये पालीजवळचे उन्हेरे, राजापूरजवळचे उन्हाळे, जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातील उनपदेव, नांदेड जिल्ह्यातील उनकेश्वर. कोकण, खानदेश आणि मराठवाडा या तीन प्रदेशांत एकच शब्द गावाच्या वा देवाच्या नावात रुजला आहे, आणि प्रत्येक ठिकाणी जमिनीतून गरम पाणी येते. कोणत्याही सर्वेक्षणाच्या कितीतरी आधी लोकांनी केलेली ही नोंद आहे.

४/
छापील नोंदी एकोणिसाव्या शतकातल्या. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी खंड १८८० चा आणि ठाणे खंड १८८२ चा. दोहोंत झऱ्यांची वर्णने आहेत. १८८२ मध्येच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभरातील उष्ण झऱ्यांची सूची प्रसिद्ध केली. ती सिद्ध केली थॉमस ओल्डहॅम यांनी. ते १८७८ मध्ये वारले, आणि त्यांचे पुत्र रिचर्ड यांनी ते काम संपादून पूर्ण केले. याच रिचर्ड ओल्डहॅम यांनी पुढे १९०६ मध्ये भूकंपलहरींच्या आधारे पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मांडला. वडिलांनी झरे मोजले, मुलाने पृथ्वीचे अंतरंग.

५/
झऱ्यांचा सामाजिक इतिहास मात्र देवळांभोवती आहे. तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही कुंडे आहेत. वसईच्या मोहिमेआधी चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला आणि १७३९ च्या विजयानंतर तेथे मंदिर उभे राहिले, असे परंपरा सांगते. संगमेश्वरजवळ तुरळ आणि आरवली, महाडजवळ सव, अशी ही माळ पालघर जिल्ह्यापासून राजापूरपर्यंत सुमारे साडेतीनशे किलोमीटर पसरली आहे. कुंडाशेजारी देऊळ आणि कातडीचा आजार बरा होतो हा विश्वास, हा सर्वत्र आढळणारा नमुना. या पाण्याचा आपल्याकडे झालेला एकमेव संघटित उपयोग म्हणजे स्नान. ही गोष्ट लक्षात ठेवावी; पुढे तिचे काम आहे.

६/
आता एक रूढ समज. सह्याद्री लाव्ह्याचा बनलेला आहे, म्हणून झरे गरम आहेत, असे अनेकदा सांगितले जाते. पहिले विधान खरे, दुसरे नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला. त्याची उष्णता केव्हाच निघून गेली. आज कोकणातील पाणी तापते ते वेगळ्या कारणाने. पावसाचे पाणी खडकांतील भेगांमधून खोल उतरते, पृथ्वीच्या नित्याच्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. जगात साधारणपणे दर किलोमीटर खोलीला तापमान २५ ते ३० अंशांनी वाढते. अशा मुरलेल्या पाण्याला तापायला ज्वालामुखीची गरज नसते.

७/
हा भेद महत्त्वाचा, कारण त्यावरच विजेचा प्रश्न ठरतो. आइसलँड, न्यूझीलंड किंवा इंडोनेशिया येथे तप्त शिलारस जमिनीच्या तुलनेने जवळ आहे. तेथे एक-दोन किलोमीटर खोल विहिरीत दोनशे ते तीनशे अंशांचे पाणी मिळते. कोकणातील झऱ्यांचे पृष्ठभागावरील तापमान सुमारे ३४ ते ७१ अंश सेल्सिअस आहे. ७१ ची नोंद उन्हवऱ्याची. पाण्यात विरघळलेल्या क्षारांवरून खोलीतील तापमानाचा अंदाज बांधता येतो. तो याहून बराच अधिक निघतो, पण आइसलँडच्या जवळपासही पोचत नाही.

८/
भूऔष्णिक वीज तयार करण्याच्या पद्धती तीन. जमिनीतून थेट कोरडी वाफ येत असेल तर तीच टर्बाइनवर सोडायची. अतितप्त पाणी येत असेल तर वर आणताना त्याचा दाब कमी करायचा. काही पाण्याची झटकन वाफ होते आणि ती टर्बाइन फिरवते. आणि पाणी त्याहून कोमट असेल तर त्याच्या उष्णतेने कमी तापमानाला उकळणारा दुसरा द्रव उकळायचा आणि त्याच्या वाफेवर टर्बाइन चालवायचे. वापरलेले पाणी तिन्ही पद्धतींत पुन्हा जमिनीत सोडणे इष्ट, नाहीतर साठा आटतो आणि क्षारयुक्त पाण्याने ओढे बिघडतात. कोकणाला लागू पडू शकते ती फक्त तिसरी पद्धत.

९/
या तंत्राचे जन्मस्थान इटलीतील तोस्काना प्रांत. तेथे लार्देरेल्लो नावाचे गाव आहे. फ्रान्स्वा द लार्देरेल या उद्योजकाने १८२७ पासून जमिनीतल्या वाफेची उष्णता वापरून बोरिक आम्लाचे पाणी आटवायला प्रारंभ केला. त्याआधी या कामाला लाकूड जाळत आणि परिसरातील जंगल संपत चालले होते. म्हणजे पहिली पाऊणशे वर्षे तेथील उष्णता उष्णता म्हणूनच वापरली गेली. वीज त्यानंतर आली : ४ जुलै १९०४ रोजी पिएरो जिनोरी कोंती यांनी त्याच वाफेवर जनित्र चालवून पाच दिवे पेटवले. १९१३ मध्ये २५० किलोवॉटचे व्यापारी केंद्र सुरू झाले.

१०/
पुढचा विस्तार सावकाश झाला. न्यूझीलंडमधील वैराकेई १९५८ चे, कॅलिफोर्नियातील गायझर्स १९६० चे. १९६७ मध्ये सोव्हिएत अभियंत्यांनी कामचाटका द्वीपकल्पात पारातुंका येथे केवळ ८१ अंशांच्या पाण्यावर दुहेरी द्रवाची पद्धत चालवून दाखवली. या शेवटच्या प्रयोगामुळे जगभरच्या साध्या, ज्वालामुखीविरहित झऱ्यांकडे अभियंत्यांचे लक्ष गेले. भारताचे लक्ष जाण्याचा काळही नेमका तोच.

११/
१९६० च्या दशकात केंद्र सरकारने उष्ण झऱ्यांचा विचार करण्यासाठी समिती नेमली. १९७३ पासून भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने पद्धतशीर शोध हाती घेतला. लडाखमधील पुगा, हिमाचलातील मणिकरण, आजच्या छत्तीसगडमधील तातापानी आणि आपली कोकणपट्टी ही त्याची मुख्य क्षेत्रे. मणिकरणला ५ किलोवॉटचे प्रायोगिक यंत्र बसवले गेले. ते पुढे दरड कोसळून गेले. १९९१ मध्ये देशाचा भूऔष्णिक ॲटलास निघाला. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. डी. चंद्रशेखरम यांनी पश्चिम किनाऱ्यावरील झऱ्यांचा दीर्घकाळ अभ्यास करून त्यांच्या वापराचा आग्रह धरला. तरी महाराष्ट्रात एकही भूऔष्णिक वीजकेंद्र उभे राहिले नाही.

१२/
कारण केवळ सरकारी अनास्था नव्हे. उष्णतेपासून किती काम निघेल हे एकट्या उष्णतेवर ठरत नाही. गरम आणि थंड या दोन टोकांमधील अंतरावर ठरते. १८२४ मध्ये सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने हा नियम मांडला. उन्हवऱ्याचे पाणी ७१ अंश आणि कोकणातील हवा ३० अंश धरली, तर सिद्धान्ताने मिळणारी कमाल कार्यक्षमता सुमारे १२ टक्के. प्रत्यक्ष यंत्रात तिच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी हाती लागते, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास.

१३/
अलास्कातील चेना येथे २००६ पासून ७४ अंशांच्या पाण्यावर वीज होते, हे उदाहरण कोकणासाठी नेहमी दिले जाते. पाणी जवळपास तितकेच गरम आहे, हे खरे. पण चेनाला यंत्र थंड करण्यासाठी सुमारे ४ अंशांचे पाणी उपलब्ध आहे. तेथे तीच सैद्धान्तिक मर्यादा २० टक्क्यांवर जाते. कोकणाची अडचण अशी की त्याचे पाणी पुरेसे गरम नाही आणि त्याची हवा पुरेशी थंड नाही. वैशाखात घामाने निथळणाऱ्या कोकणी माणसाला हे वेगळे सांगायला नको.

१४/
एक काल्पनिक हिशेब मांडू. समजा एखाद्या विहिरीतून सेकंदाला १० लिटर पाणी ७१ अंशांनी मिळते आणि आपण ते ५० अंशांपर्यंत थंड होऊ देतो. त्यातून सुमारे ८८० किलोवॉट उष्णता निघते. तिच्यापासून वीज केली तर चार टक्क्यांनी हाती येतात सुमारे ३५ किलोवॉट. त्यातूनच पंपही चालवायचा. पण तीच उष्णता उष्णता म्हणून वापरली तर ८८० पैकी बहुतेक कामी येते. पस्तीस आणि आठशेऐंशी. लार्देरेल्लोचा क्रम आधी उष्णता आणि मग वीज असा का होता, ते येथे कळते.

१५/
आणि उष्णतेची गरज कोकणाइतकी कोणाला आहे? आगोटीच्या आधी आमसुले, मासळी, फणसपोळी, आंबापोळी उन्हात वाळवून बेगमी करणारा हा प्रदेश. जूनमध्ये पाऊस लागला की चार महिने वाळवण बंद. ओल्या भाताची, काजूची, मासळीची नासाडी ही येथील जुनी व्यथा. पन्नास-साठ अंशांची कोरडी हवा वर्षभर देणारे वाळवणघर तुरळ किंवा उन्हवऱ्याच्या पाण्यावर चालू शकते. अनेक देशांत भाजीपाला, धान्य, लाकूड असेच वाळवतात. तेथे टर्बाइन लागत नाही. नळ्या, पंखा आणि क्षारांनी न गंजणारा उष्णता-विनिमयक लागतो. आपण मात्र दीडशे वर्षे या पाण्याला स्नान किंवा वीज एवढ्याच दोन पर्यायांत मोजत आलो.

१६/
आता घाट चढून पुन्हा पुण्याला येऊ. भूऔष्णिक ऊर्जा आणि हायड्रोजन यांची नावे एका श्वासात घेतली जातात, पण त्यांचे स्वभाव परस्परविरुद्ध आहेत. जमिनीतली उष्णता हा ऊर्जेचा उगम आहे, पण ती जागा सोडून फार दूर जाऊ शकत नाही. हायड्रोजन दूरवर नेता येतो, पण तो उगम नाही. मोकळ्या हायड्रोजनचे वापरण्याजोगे साठे निसर्गात क्वचितच सापडतात. तो पाण्यात, नैसर्गिक वायूत, काडीकचऱ्यात बांधलेला असतो; सोडवायला आधी ऊर्जा खर्चावी लागते. तो विहिरीसारखा नाही, घागरीसारखा आहे. घागरीत भरलेले पाणी कुठले, हे विचारावेच लागते.

१७/
हे सोडवण्याचे तंत्र जुने आहे. १७६६ मध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी या वायूचे गुणधर्म नोंदवले. १७८३ मध्ये जाक शार्ल यांनी लोखंडावर गंधकाम्ल ओतून मिळवलेल्या हायड्रोजनने पॅरिसमध्ये फुगा उडवला. १८०० मध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी नव्याने शोधलेल्या व्होल्टाच्या घटाची वीज पाण्यातून सोडून त्याचे दोन वायूंत विघटन केले. १८३९ मध्ये विल्यम ग्रोव्ह यांनी उलट प्रयोग केला : दोन वायूंचा संयोग घडवून वीज मिळवली. पुण्याच्या बसमधला इंधन घट हा ग्रोव्ह यांच्या त्या घटाचा वंशज.

१८/
पुण्याचा हायड्रोजनशी संबंधही २०२२ चा नव्हे. १९२८ मध्ये भारतीय हवामानखात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आले; शिवाजीनगरची 'सिमला ऑफिस'ची इमारत त्याची साक्ष. वरच्या हवेतील वारे आणि तापमान मोजण्यासाठी हवामानखाते जे फुगे सोडते, ते हायड्रोजनने भरतात. सिमला ऑफिसच्या परिसरातून रोज जाणाऱ्या पुणेकरांनी हा वायू कधी पाहिला नसेल, पण मान्सूनचा अंदाज ज्या मोजमापांवर बांधला जातो, त्यांतली कित्येक त्यानेच वर नेली आहेत.

१९/
आज ज्याला हरित हायड्रोजन म्हणतात, तो भारताने मोठ्या प्रमाणावर सहा दशकांपूर्वी बनवला होता. पंजाबातील नांगलच्या खत कारखान्यात १९६० च्या दशकाच्या आरंभी भाक्राच्या जलविद्युतेने पाण्याचे विघटन होत असे. त्या हायड्रोजनपासून अमोनिया, अमोनियापासून खत, आणि सोबत अणुकार्यक्रमासाठी जड पाणी. तो त्या काळी जगातील मोठ्या विघटन कारखान्यांपैकी एक होता. पुढे भाक्राच्या विजेला इतर मागणीदार वाढले, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस नांगलचा विस्तार झाला तो खनिज तेलावर. तंत्र हरले नव्हते. स्वस्त वीज संपली होती.

२०/
महाराष्ट्राने सुरुवातच खनिज इंधनापासून केली. तुर्भ्याचा खत कारखाना १९६५ चा. अलिबागजवळ थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, मुंबई हायच्या नैसर्गिक वायूवर. तेथे वायू आणि पाण्याची वाफ उच्च तापमानाला उत्प्रेरकावरून नेतात; मिथेन फुटतो, हायड्रोजन मिळतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. या पद्धतीत दर किलो हायड्रोजनमागे साधारण ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. शेतात पडणाऱ्या युरियाच्या गोणीमागे हाच हायड्रोजन आहे. आपण तो कित्येक पिढ्या वापरत आहोत. फक्त त्याला इंधन म्हणत नव्हतो.

२१/
विजेने हायड्रोजन बनवण्याचा हिशेब असा. एक किलोसाठी रसायनशास्त्राप्रमाणे ९ लिटर शुद्ध पाणी आणि प्रत्यक्षात सुमारे ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्या किलोत साठणारी वापरण्याजोगी ऊर्जा सुमारे ३३ युनिट. इंधन घटातून तिच्यापैकी निम्मी चाकापर्यंत जाते, म्हणजे सोळा-सतरा युनिट. तीच ५५ युनिट बॅटरीत भरली तर बस दोन ते तीन पट अंतर जाईल. पुण्याच्या रस्त्यांवर पीएमपीएमएलच्या बॅटरी बस २०१९ पासून धावत आहेत. शहरातल्या बसला हायड्रोजनची गरज किती, हा प्रश्न त्यामुळे रास्त ठरतो. खत, पोलाद, लांब पल्ल्याचे अवजड ट्रक येथे मात्र बॅटरीचे काम भागत नाही किंवा अवघड होते.

२२/
दोन्ही ऊर्जा एकत्र आणण्याचा प्रयोग आइसलँडने केला. भूऔष्णिक आणि जलविद्युत या दोहोंनी समृद्ध असा हा देश. २००३ मध्ये राजधानी रेकयाविकमध्ये विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन देणारे केंद्र उघडले आणि तीन बस धावू लागल्या. जगभर त्याची चर्चा झाली. २००७ मध्ये त्या बसचा प्रयोग संपला. दुसरीकडे, रेकयाविकमधील घरे १९३० पासून गरम पाण्याच्या नळांनी उबदार ठेवली जातात आणि ती व्यवस्था आज जवळजवळ साऱ्या शहराला पुरते. गाजलेला प्रयोग विरला. नळातले गरम पाणी टिकले.

२३/
हायड्रोजनचा आणखी एक मार्ग पुण्यातच शोधला गेला आहे. आघारकर संशोधन संस्थेने केपीआयटीच्या साहचर्याने शेतातील काडीकचऱ्यापासून जीवाणूंच्या मदतीने हायड्रोजन मिळवण्याचे तंत्र २०२१ मध्ये जाहीर केले. यात विजेची मागणी कमी, पण कच्चा माल गोळा करून आणण्याचा खर्च मोठा. पाचट, तूस, काड शेतकऱ्याच्या बांधावर असते. त्यातले काही गुरांच्या दावणीलाही लागते. म्हणजे येथेही प्रश्न पुन्हा तोच : घागर कोणाच्या विहिरीवर भरायची?

२४/
या प्रश्नाचे सर्वांत जवळचे उत्तर पुण्यापासून चाळीसेक किलोमीटरवर पाण्याखाली आहे. टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून कोकणात उतरवण्याची आणि त्यावर वीज करण्याची योजना आखली. खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले; मुंबईच्या गिरण्या धुरावाचून चालू लागल्या. पुढे मुळशी येथे निळा-मुळा संगमावर धरण ठरले. त्यात मावळातील ५२ गावे आणि त्यांची भातखाचरे जाणार होती. १६ एप्रिल १९२१, रामनवमी : हजाराहून अधिक मावळे धरणाच्या जागी जमले आणि काम थांबले. घोषणा होती, 'जान किंवा जमीन'.

२५/
विनायकराव भुस्कुटे, न. चिं. केळकर आणि पुढे सेनापती बापट या लढ्यात होते. पण आतले चित्र गुंतागुंतीचे होते. कसणारे मावळे कुळे होती. कागदावर अनेक जमिनी पुण्याच्या सावकारांच्या. मोबदल्याची बोलणी सुरू झाली तशी मालक आणि कुळे यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९२४ मध्ये लढा संपला. बापटांनी त्याच वर्षी बांधकामाची आगगाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. १९२७ मध्ये भिऱ्याचे केंद्र सुरू झाले. प्रा. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहावर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकातच त्याला जगातील पहिला धरणविरोधी लढा म्हटले आहे.

२६/
मुळशीची वीज आजच्या व्याख्येने स्वच्छच आहे : धूर नाही, कोळसा नाही. शंभर वर्षांपूर्वी तिच्या बाजूने केलेला युक्तिवाद आजच्या धोरणपत्रांत शोभून दिसेल. चूक त्या विजेत नव्हती. तिचा लाभ मुंबईला, मोबदल्याचा मोठा भाग सावकाराला आणि विस्थापन कुळाला, या वाटणीत होती. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला मुळशी आठवते ती विकासविरोधाची कथा म्हणून नव्हे, अपुऱ्या हिशेबाची कथा म्हणून.

२७/
आता वर्तमान. जुलै २०२३ मध्ये महाराष्ट्राने ८,५६२ कोटी रुपयांच्या तरतुदीचे हरित हायड्रोजन धोरण मंजूर केले. राज्याची तेव्हाची हायड्रोजनची मागणी वर्षाला ५.२ लाख टन सांगितली गेली. ती सारी विजेने भागवायची तर किलोला ५५ युनिट धरून वर्षाला सुमारे २,८६० कोटी युनिट लागतील. भिऱ्याचे १५० मेगावॉटचे मूळ केंद्र वर्षभर क्षणाचीही उसंत न घेता चालले तरी १३० कोटी युनिटच्या आसपास वीज देईल. म्हणजे तशी बावीस भिरा केंद्रे.

२८/
पाण्याचा आकडा त्या मानाने लहान आहे. ५.२ लाख टनांना रासायनिक गरज टीएमसीच्या सहाव्या हिश्श्याइतकी. शुद्धीकरण आणि थंडावा धरून तिप्पट झाली तरी अर्ध्या टीएमसीत भागते. खडकवासला साखळीतील चार धरणांची क्षमता सुमारे २९ टीएमसी आहे. खरी मागणी जमिनीची. ही वीज सौर घ्यायची तर ढोबळमानाने १८ हजार मेगावॉट, आणि मेगावॉटला चार-पाच एकर धरता सत्तर ते नव्वद हजार एकर. वीज साठवायला सह्याद्रीत पुन्हा पाणीच वर-खाली करायचे : ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने पुणे जिल्ह्यात शिरवटा येथे १,८०० आणि रायगडमध्ये भिवपुरी येथे १,००० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांसाठी राज्याशी सामंजस्य करार केला. शंभर वर्षांनी तोच घाटमाथा.

२९/
भूऔष्णिक विहिरीही हिशेबाबाहेर नाहीत. लडाखमधील पुगा येथे १ मेगावॉटच्या प्रकल्पासाठी २०२१ मध्ये करार झाला; ऑगस्ट २०२२ मध्ये खोदकामाच्या वेळी जमिनीतला द्रव उसळून पुगाच्या ओढ्यात मिसळला. कोकणात असे झाले तर गड किंवा तानसेचे पाणी पिणाऱ्या गावांना कोणाकडे जावे लागेल, हे विहीर खोदण्याआधी ठरायला हवे. कुंडांवर पिढ्यान्‌पिढ्या स्नान करणाऱ्यांचा, तेथे दुकान मांडणाऱ्यांचा हक्कही कुठेतरी लिहिला जायला हवा. मुळशीत कुळांचा हक्क कागदावर नव्हता, एवढे एकच कारण पुरेसे झाले होते.

३०/
तर दोन्ही प्रश्नांची उत्तरे. पुण्याच्या बसमधला हायड्रोजन वायूपासून, काडीकचऱ्यापासून किंवा विजेने पाण्यातून येतो, आणि शेवटच्या मार्गात तो दुसरीकडे कुठेतरी तयार झालेल्या विजेइतकाच स्वच्छ असतो. त्याचे पहिले योग्य स्थान थळच्या खत कारखान्यात आहे. शहर बसचा क्रम मागून लागतो. कोकणचे ऊन पाणी मोठी वीज देणार नाही, पण पावसाळ्यात उन्हवऱ्याच्या बाईची आमसुले वाळवू शकते. लार्देरेलने १८२७ मध्ये जे केले, ते करायला आपल्याला नव्या शोधाची वाट पाहण्याचे कारण नाही.

३१/
यापुढे एखाद्या प्रकल्पाची बातमी वाचताना 'किती मेगावॉट' या आकड्यासोबत आणखी तीन गोष्टी विचाराव्यात : ही ऊर्जा कशातून काढली, कोणत्या कामाला लावली, आणि जमिनीच्या कागदावर कोणाचे नाव आहे. १९२१ मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी तिसरा प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर त्यांना मिळाले नाही. शिरवटा, तुरळ, उन्हवरे येथे तो पुन्हा विचारला जाईल तेव्हा पुण्यात बसून वीज वापरणाऱ्या आपण कोणत्या बाजूला उभे असू, हे ठरवायला अजून वेळ आहे.

धागा समाप्त. आपल्या भागातील ऊन पाण्याच्या झऱ्याचे नाव, आणि त्या नावाची घरात सांगितली जाणारी कथा, खाली जरूर लिहा. गॅझेटिअरमध्ये न आलेली नावे अजून पुष्कळ असतील.